वहिनी जे म्हणालीच नव्हती

दादा-वहिनी अमेरिकेत वीस वर्षं राहून, तिथले नागरिक होऊन, दादाच्या नोकरीमुळे सिंगापूरला आले. टॅम्पिनीसला माझ्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये त्यांनी फ्लॅट घेतला. दोघंही पक्के कन्झर्व्हेटिव्ह. कर कमी हवेत, कायदा कडक हवा, सैन्य मजबूत हवं, यावर त्यांच्यात कधी वाद नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा त्या सैन्यातच भरती झाला आणि परदेशातल्या एका मोहिमेत मारला गेला. त्यानंतरही त्यांचा पक्ष बदलला नाही. फक्त वहिनी राजकारणावर बोलेनाशी झाली.

पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या प्राथमिक निवडणुका आल्या, तेव्हा दादाला एक माणूस आवडू लागला. "परक्यांच्या लढायांत आपली मुलं पाठवणार नाही," असं तो प्रत्येक सभेत सांगायचा.

"पण सिनेटमध्ये असताना त्यानंच त्या मोहिमेला मत दिलं होतं," वहिनी म्हणाली.

"माणूस चुकतो. तो बदललाय."

"बदललाय की बोलायला शिकलाय?"

दादानं मोबाइलवरच्या सभेचा आवाज वाढवला.

दादाच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्यानं आपल्या कॉन्डोच्या, म्हणजे राहत्या संकुलाच्या, हॉलमध्ये परदेशस्थ मतदारांसाठी बैठक ठेवली. उमेदवार व्हिडिओवर येणार होता. वहिनी येईल असं वाटलं नव्हतं, पण ती आली आणि मलाही सोबत घेऊन गेली. मला तिथल्या मताचा अधिकार नव्हता. मी भिंतीपाशी बसले. लोक कर, सीमा, शाळा असं विचारत होते. शेवटी वहिनी उभी राहिली. आपला मुलगा कुठे गेला ते तिनं सांगितलं आणि विचारलं, "तेच मत आज पुन्हा द्यायची वेळ आली, तर द्याल?"

पडद्यावरच्या माणसानं मान खाली घातली. "एका आईपुढे मी काय बोलणार," तो म्हणाला. मग मुलाचं नाव विचारून घेतलं, ते नीट उच्चारलं, आणि तिचे आभार मानले. हॉलमधल्या काही जणांचे डोळे भरून आले. परतताना एमआरटी मेट्रोत दादा म्हणाला, "बघ, किती मनापासून बोलला."

"उत्तर दिलं नाही त्यानं," वहिनी म्हणाली.

पुढच्या महिन्यात टीव्हीवर उमेदवारांचा वादविवाद होता. तिथली रात्र म्हणजे आपली सकाळ. मी पोहे घेऊन त्यांच्याकडे गेले होते. प्रतिस्पर्ध्यानं त्याला डिवचलं, की हा लढाईला घाबरतो. त्यावर हा छातीवर हात ठेवून म्हणाला, "सिंगापूरमधल्या एका आईनं मला सांगितलं, माझा मुलगा ज्यासाठी गेला ते काम अर्धवट सोडू नका." पाठोपाठ मुलाचं नाव आलं. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

वहिनी टीव्हीकडे बघत राहिली. "मी हे म्हणाले नव्हते," ती माझ्याकडे वळून म्हणाली, जणू मला शंका असावी. मी तिचा हात धरला.

दादा उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळानं आत आला आणि म्हणाला, "निदान त्याचं नाव तरी कुणी घेतलं."

वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की मला तिथून उठावंसं वाटलं.

मतपत्रिका दोघांच्याही आल्या. वहिनीनं तिची उघडलीच नाही. दादानं त्याच माणसाला मत दिलं. का, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तो खोटा आहे, हे आता मान्य केलं, तर ती मोहीमसुद्धा... मला ते जमत नाही गं."

तो माणूस त्यांच्या अमेरिकेतल्या राज्यात जिंकला, नंतर मागे पडला आणि शर्यतीतून बाहेर झाला. शेवटच्या भाषणात त्यानं बऱ्याच लोकांचे आभार मानले. दादानं ते एकट्यानं पाहिलं. वहिनी आता दुसऱ्या खोलीत झोपते. दोघं एकमेकांशी नीट, सभ्यपणे बोलतात. दूध संपलंय, लिफ्ट बंद आहे, असं. मुलाचं नाव मात्र त्या घरात आता कुणी घेत नाही. मीसुद्धा नाही.