सर्पिल की लंबगोल?

मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट घेतला की कोड नंतर जमतो, किस्से आधी जमतात. सुरतच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला मी आणि माझी मैत्रीण हेतल, दोघींनी विषय घेतला: दुर्बिणीच्या फोटोंतून आकाशगंगांचे आकार कॉम्प्युटरनं ओळखायचे. वळलेले हात दिसले की सर्पिल, नुसता गुळगुळीत गोळा असला की लंबगोल. डिग्री यावरच अडकलेली.

*

पप्पा मूळचे धुळ्याचे, इथं सुरतला पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये कामाला. एकदा त्यांनी विचारलं, "काय करस तू दिनभर त्या कॉम्प्युटरवर?"

म्हटलं, "त्याला आकाशगंगा ओळखायला शिकवते."

ते म्हणाले, "आन तुले वळखता येस का?"

मी जेवायला बसले.

*

प्रश्न रास्त होता. कारण शिकवायच्या फोटोंना आधी आम्हीच नावं द्यायची होती. तेच फोटो आम्ही दोघींनी वेगवेगळं बसून पाहिले. मला सर्पिल वाटलेली तिला लंबगोल. भांडण गाइड सरांकडे गेलं. सरांनी निकाल दिला, "लंबगोल." दुसऱ्या दिवशी चुकून तोच फोटो परत त्यांच्यापुढे गेला.

"अरे, ही तर सरळसरळ सर्पिल."

*

एकदा आम्ही शिकवलेल्या प्रोग्रामची, म्हणजे मॉडेलची, जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर आली. हेतलने लोचो मागवून अख्ख्या लॅबला वाटला. खाता खाता लक्षात आलं, तपासायला दिलेल्या बहुतेक आकाशगंगा लंबगोलच होत्या, आणि मॉडेल डोळे मिटून प्रत्येकीला लंबगोल म्हणत होतं.

"हवे शुं?" आता पुढे काय, हेतलने विचारलं.

"आता लोचो संपव."

*

मग मॉडेल फोटोत नेमकं कुठं बघतं, ते रंगवून दाखवणारा प्रोग्राम चालवला. आकाशगंगा मधोमध, आणि लाल डाग वरच्या कोपऱ्यातल्या काळोखावर. उत्तर मात्र बरोबर! सर त्या कोपऱ्याकडे बघतच राहिले.

"तिथं काही आहे का सर?"

"मीही तेच बघतोय."

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मॉडेलच्या चुकांच्या स्लाइडवर ते थांबले. तिथल्या एका फोटोला आम्ही दोघींनी आणि सरांनीही लंबगोल म्हटलं होतं, मॉडेल मात्र सर्पिल म्हणत होतं. त्यांनी फोटो उजळ करायला लावला. हळूहळू गोळ्याभोवती दोन फिकट हात उमटले. सर खाली बघायला लागले.

"म्हणजे मॉडेल बरोबर, चूक तुमची," परीक्षक म्हणाले. "आता हाच उजळ फोटो द्या त्याला."

हेतलने दिला. स्क्रीनवर उत्तर आलं: लंबगोल.

परीक्षकांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग पेनाचं टोपण काढून म्हणाले, "पास."