नेकनूरला पाळलेलं मौन

महाशिवरात्रीच्या सकाळी बीडहून नेकनूरची एसटी धरली. कॉलेजातला मित्र गोरख याच्या आईचा सत्कार होता. सोनाबाई चाळीस वर्षं गावच्या सुईण. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. गोरखने फोनवर बजावलं होतं, "आमच्याकडं सत्कार कुणाचाबी असो, भाषणं साहेबांवरच होतात. तू आक्कावर बोल. तिला एकदा तरी ऐकू दे." मी लेखक आहे हा त्याचा गैरसमज मी कधी दूर केलेला नाही.

उतरलो तर समोर साहेबांचा, म्हणजे आमदारांचा, दोन मजली फ्लेक्स. कोपऱ्यात पासपोर्टच्या आकाराच्या अक्का.

कार्यक्रम अकराचा होता, म्हणजे साहेब दोनला येणार. तोवर गोरखच्या घरी भगर आणि शेंगदाण्याची आमटी झाली. मग महादेवाच्या देवळात त्याच्या चुलत्यांनी, बाबूकाकांनी, पेला पुढे केला. दुधात वाटलेली भांग, बडीशेप, मिरी.

"कशाला भेता? परसाद हाय."

अर्धा तास काहीच झालं नाही. "काका, यात जोर नाही," म्हणत दुसरा पेला घेतला. भांग पिणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी उच्चारलेलं असतं.

दोन वाजता माइकसमोर उभा राहिलो. आधी मंचावरच्यांची नावं मानाच्या क्रमाने घ्यायची, असा रिवाज. पहिलं नाव आठवलं. त्या नावाला मिशी होती. मिशीवरून मुंग्या आठवल्या, मुंग्यांवरून रांग, रांगेवरून रेशनचं दुकान, आणि तिथून परतीची वाट सापडेना. प्रत्येक विचार आधीच्याचं बोट सोडून पळत होता. तरी मी अक्कांवर अप्रतिम बोलत होतो. इतकं, की माझेच डोळे भरून आले. मान खाली घातली.

वर पाहिलं तर सगळा मांडव उभा. साहेबसुद्धा, हात जोडून.

माझ्या तोंडून एक शब्दही निघाला नव्हता. लोक श्रद्धांजली समजून उठले होते.

"कोण गेलं बे?" पाठीमागून कुणीतरी कुजबुजलं.

"आक्काच आसंल."

"आक्का तर हितं हुबी हाय!"

गोरख पांढराफटक पडला. अक्का मात्र शांतपणे माझ्यापाशी आल्या. "बस बाबा खाली," म्हणाल्या आणि माइक हातात घेतला.

"गेलं कुणीच न्हाई. आले कसे, त्ये सांगते. ह्ये सरपंच रडंनात. उलटं धरून फटका दिला, तवा तोंड उघडलं. आजून मिटलं न्हाई. साहेब पायाळू. पाय आधी भाईर आले, डोकं लई उशिरा."

साहेबांना हसावं की नाही कळेना. पहिल्या रांगेत त्यांची आईच पदर तोंडाला लावून हसत होती, तेव्हा तेही हसले.

अक्का वीस मिनिटं बोलल्या. कुणाची कुठली रात्र, कुठल्या वस्तीवर, चिखलातून किती कोस. मांडव हलला नाही. शेवटी म्हणाल्या, "चाळीस वर्सं कुणी इचारलं न्हाई, म्हून सांगितलं न्हाई."

परतीच्या एसटीत डोकं हळूहळू ताळ्यावर आलं. भांगेने विचार खोल जातात म्हणतात. माझे गेले, ते वर आलेच नाहीत. पण शुद्धीवर असतो तर मी अक्कांवर अर्धा तास बोललो असतो, आणि अक्का खाली मान घालून ते ऐकत बसल्या असत्या.