बोटबाई आणि कुलपातले रिलीज

बोटबाई चिडल्या की त्यांचा आवाज मलकपेठच्या आमच्या तिरंदाजीच्या मैदानाची भिंत ओलांडून रस्त्यावर जायचा. एकदा बाहेरचा कलिंगडवाला आत डोकावून विचारून गेला, "क्या हुआ अम्मा, किसकू मारे?" कुणाला मारलं नव्हतं. एका मुलीनं धनुष्य ओढताना घोड्यावर, म्हणजे बाण सोडायच्या खटक्यावर, बोट ठेवलं होतं, एवढंच. अशा वेळी बाई "बोट!" अशी आरोळी ठोकत, आणि तेच त्यांचं नाव पडलं. त्यांना ते ठाऊक होतं. "ठेवा नाव," म्हणायच्या, "पण बोट मागे ठेवा."

चाकं लावलेल्या कंपाउंड धनुष्याची दोरी नुसत्या बोटांनी ओढत नाहीत. मनगटाला पट्टा बांधतात, त्याच्या पुढे चिमट्यासारखा धातूचा जबडा असतो, तो दोरीवरच्या फासात अडकवतात. जबडा उघडायला घोडा, पिस्तुलाला असतो तसा. या सगळ्याला म्हणायचं रिलीज. दोरी पूर्ण मागे येईपर्यंत, हात गालाशी टेकेपर्यंत आणि निशाणीवर डोळा बसेपर्यंत बोट घोड्याच्या मागेच राहिलं पाहिजे. "घोड्यावर बोट ठेवून कुणी खिशातून पिस्तूल काढतं का गं?" बाई विचारायच्या. "काढलंच, तर पहिली गोळी कुणाला लागेल?"

धनुष्य ओढताना कुणी ते वर उचललं, तर त्या मागून येऊन हात खाली दाबायच्या. "आभाळात काय घार मारायची आहे? बाण निशाणीकडे. ओढताना पण, सोडताना पण, नाही सोडला तरी पण." आणि ओढण्याआधी प्रत्येकाला रिलीजला हलका हिसका द्यायला लावायच्या. जबडा नीट मिटलाय का, फासाचा दोरा विरलाय का, हे कळायला. कंटाळा आला म्हणणाऱ्याला त्या दिवशी धनुष्य मिळायचं नाही.

बाई नारायणगुड्याच्या, इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. आजोबा निजामाच्या कोर्टात वकील, वडील सरकारी नोकरीत, आणि स्वतः मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. निवृत्तीनंतर आमच्या संघटनेत बिनपगारी शिकवत. आंध्र आणि तेलंगणा वेगळे होणार हे ठरलं, तेव्हा मैदानावर रोज वाद व्हायचे. बाई पाण्याची बाटली तोंडाला लावून ऐकत बसायच्या. "मी पाळण्यात होते तेव्हा एकदा राज्य मोडलं," म्हणाल्या. "मराठवाडा तिकडं गेला, आम्ही इथंच राहिलो. आता पुन्हा मोडतंय. हौ, मोडू दे. आमचं घर काही हलत नाही."

राज्य वेगळं झालं आणि संघटनाही फुटली. सामान कुणाचं, यावर भांडण लागलं. चांगल्या धनुष्यांचं कपाट दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी मिळून कुलूपबंद केलं. त्यातच आमचे नीट चालणारे सगळे रिलीज होते. वाटणी होईपर्यंत हात लावायचा नाही. मोठ्यांच्या भांडणात मुलांनी कशानं सराव करायचा, हे कुणी विचारलं नाही. बाईंनी विचारलं. कुलूप तसंच राहिलं.

त्यातच नव्या संघटनेचा उद्घाटन समारंभ ठरला. पाहुण्यांसमोर मुलांनी बाण मारून दाखवायचे होते. सचिवांनी कुठूनशी धनुष्यं आणि जुने रिलीज मागवले. बाईंनी पहिलाच रिलीज हातात घेऊन फासात अडकवला, हिसका दिला, आणि तो सटकला. जबडा झिजून गुळगुळीत झाला होता. दुसरा घेतला, तोही तसाच.

"कुणी मारणार नाही," त्या म्हणाल्या. "कपाट उघडा."

"मॅडम, कायकू टेन्शन लेते?" सचिव हसत म्हणाले. "दो मिनट का काम है. साहब बैठे हैं."

"बसू दे ना त्यांना. सावलीत बसलेत. कपाट उघडा म्हणते मी."

सचिवांनी दोन कार्यकर्त्यांना खूण केली. त्यांनी बाईंना दंडाला धरून, वरून "या मॅडम, या" म्हणत, खुर्च्यांकडे नेलं. साठीला आलेल्या बाईंना असं हात धरून नेताना पाहून माझ्या अंगाची आग झाली. मी धनुष्य खाली ठेवलं. माझ्या शेजारी स्रवंती उभी होती, दहावीतली, सगळ्यांत चांगला नेम असलेली. तिचे वडील समोरून हात हलवत होते. सचिवांनी माइकवर तिचं नाव पुकारलं. बाई खुर्चीतून उठून ओरडल्या, पण तेवढ्यात डफासारखे डप्पू वाजायला लागले आणि त्यांचा शब्द कुणाला ऐकू आला नाही.

स्रवंतीनं दोरी अर्ध्यावर आणली आणि जबडा सुटला. सगळा जोर लावलेली तिची मूठ, त्यातल्या लोखंडासकट, तिच्याच तोंडावर आदळली. बाण निशाणीच्या अलीकडे जमिनीत घुसला, कारण धनुष्य तिनं बाईंनी शिकवल्याप्रमाणे निशाणीकडेच धरलं होतं. वर उचललं असतं तर तो भिंतीपलीकडे, भर रस्त्यात गेला असता. पुढचे दोन दात तुटले होते. ओठ फाटला होता. बाई कार्यकर्त्यांना ढकलून धावत आल्या, पदर तिच्या तोंडावर दाबला, आणि डप्पू तरीही वाजत होते!

पुढच्या बैठकीत सचिवांनी सांगितलं की प्रशिक्षणात कमतरता होती. स्रवंती टाके घातलेल्या ओठांनी कशीबशी बोलली, बाईंनी नकोच म्हटलं होतं. मीही तेच सांगितलं. सचिव म्हणाले, मुलं आहेत, भावनेच्या भरात बोलतात. मग बाईंकडे वळून, "तसंही मॅडम, तुम्ही महाराष्ट्राच्या. नव्या राज्याला इथला कोच हवा."

"तीन पिढ्या इथं गेल्या," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि तेच मला सहन होईना. "मला काढायचं तर काढा. पण पोरीचे दात माझ्यामुळे गेले असं म्हणू नका."

ते त्यांनी म्हटलंच. काढलंही.

बाई त्या मैदानात पुन्हा गेल्या नाहीत. स्रवंतीचे नवे दात बसेपर्यंत दर खेपेला तिच्यासोबत दवाखान्यात गेल्या. पुढं आम्ही काही जण सकाळी त्यांच्या गच्चीवर जमायला लागलो. बाण न लावता, दोरीच्या तुकड्यावर रिलीज अडकवून त्या आम्हाला ओढायला लावत. स्रवंतीनं रिलीज पुन्हा हातात घ्यायला फार वेळ घेतला. बाईंनी तिला एकदाही घाई केली नाही. ओरडल्या मात्र पूर्वीइतक्याच.

काही वर्षांनी बाई गेल्या. सुलतान बाजारातल्या एका सभागृहात शोकसभा झाली. सचिव आले, मोठा हार घेऊन. माइक हातात घेऊन म्हणाले की बाई आमच्या संघटनेच्या आधारस्तंभ होत्या, त्यांनी शेवटपर्यंत मार्गदर्शन केलं. मी उठणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून स्रवंती उठली.

"सर," ती तेलुगूत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुम्ही त्यांना काढलं होतं. ते आधी सांगा. मग बाकीचं."

सचिव इकडे तिकडे पाहू लागले. कुणी त्यांच्या मदतीला आलं नाही. त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि चप्पल शोधत बाहेर गेले. स्रवंती ते दारातून बाहेर पडेपर्यंत उभी राहिली, आणि मग खाली बसून रडली.