समुद्राकडे पाठ

दीपगृह पाहायला गेल्यावर त्याची भिंत रंगवणाऱ्या माणसाकडे तुम्ही कधी पाहिलंय का? तहान लागली नसती, तर मीही पाहिलं नसतं. कोकणच्या टोकावरचं ते जुनं दीपगृह गाठेपर्यंत दोन दिवसांच्या प्रवासानं माझं अंग आंबून गेलं होतं. पायऱ्यांशी एक माणूस चुन्यानं फाटलेल्या तळहातांना खोबरेल चोळत बसला होता. कमरेला नुसता दोर.

"पानी कुठी भेटन, भाऊ?" मी विचारलं.

"अकोल्याकडचे दिसता. मी बी तिकडचाच, हिवरखेडचा," तो म्हणाला आणि स्वतःची बाटली पुढे केली.

वरून समुद्र कसा दिसतो, असं मी विचारलं.

"तुमाले दिसते. आमी भिंतीकडं तोंड करून लटकतो. त्याच्याकडं पाठच असते."

"कमरेले सेफ्टी बेल्ट काहून नाई?"

"मांगतला होता. ठेकेदार म्हने, भेव लागत असन तर गावाले जा."

तो जरासा हसला आणि बादली घेऊन वर गेला. थोड्या वेळानं तो भिंतीवर लटकलेला दिसला. तो फोटोत येऊ नये म्हणून खाली लोक बाजूला सरकत होते. आल्या आल्या, तो पायऱ्यांशी बसलेला असताना, मीही तेच केलं होतं.

तुम्ही अशा ठिकाणी गेलात, तर फोटो काढण्याआधी ठेकेदाराला गाठा आणि या माणसाचा बेल्ट कुठे आहे, एवढं विचारा.