पेडलवरचा पाय

मीटरबाईला खोटं बोलता येत नाही, अशी तिची ख्याती. आता ख्याती म्हणजे कौतुकच असतं असं समजू नका. नणंदेनं हौसेनं नवे पडदे शिवले, लावले आणि विचारलं, "कसे दिसतात गं?" दुसरी कुणी असती तर "छान" म्हणून मोकळी झाली असती. ही म्हणाली, "डावीकडचा आखूड आहे." झालं! पुढं कित्येक महिने नणंद-भावजयीत अबोला. बरं, पडदा खरंच आखूड होता. पण म्हणून काय झालं?

ती डब्यांची पत्र्याची झाकणं कापणाऱ्या कारखान्यात यंत्रांच्या वायरी बघायची. गळ्यात कायम वीज मोजायचा मीटर अडकवलेला, म्हणून मीटरबाई. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. यंत्र बंद पडलं की सगळे हाका मारायचे आणि ती मात्र शांतपणे येऊन आधी वायरीला हात घालायची, मग माणसांना विचारायची. माणसं काय, घडलं ते सांगत नाहीत, वाटलं ते सांगतात, असं तिचं म्हणणं.

तिचा दीर त्याच कारखान्यात प्रेसवर होता. घरातला सगळ्यांत लहान, म्हणून धाकटा. ती लग्न होऊन आली तेव्हा त्याची आई जाऊन वर्ष झालं होतं आणि पोराला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. रोज सकाळी हा खुर्चीवर बसून पाय पुढं करायचा, आणि ही गुडघ्यावर बसून नाडी बांधायची. मोठा झाला तरी तिला "अगं वहिनी"च म्हणायचा. कारखान्यात त्याला चिकटवलं तेही तिनंच.

प्रेसचं काम सोपं. पत्रा हातानं आत सरकवायचा, हात काढायचा, पायानं पेडल दाबायचं. वरचा साचा धाडकन खाली येतो, झाकण कापून वर जातो. एके दिवशी साचा खाली आला तेव्हा धाकट्याचा उजवा हात आतच होता. तीन बोटं गेली.

"पाय लागला असणार," सुपरवायझर म्हणाला. माणूस दुष्ट नव्हता, दवाखान्यात तोच धाकट्याला खांद्याला धरून घेऊन गेला होता. "पेडल दाबल्याशिवाय प्रेस खाली येतो का, तूच सांग मीटरबाई."

आणि धाकटा खाटेवरून एकच सांगत होता. "वहिनी, मी पाय ठेवलाच नव्हता. पाय मागं होता माझा. आईशप्पथ."

हाताला काय झालं ते तर झालंच. पण चारचौघं "जरा लक्ष द्यायचं ना रे" म्हणून चुकचुकायचे, ते त्याच्या जिव्हारी लागायचं. बोटं गेली ती गेली, वर बावळटपणाचा शिक्का! चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मीटरबाईला वाटलं आणि तिनं त्याच्या उशाशी बसून शब्द दिला, "मी शोधते. काय झालं ते दाखवते सगळ्यांना."

शोधायला तिच्याकडे एक गोष्ट होती, हातात मावणारा स्कोप. मीटर नुसता आकडा सांगतो. स्कोप विजेची चाल पडद्यावर रेघ काढून दाखवतो. आणि त्याची खरी करामत म्हणजे त्याला वाट बघायला बसवता येतं. अमुक तऱ्हेची रेघ आली तरच पकड, असं सांगून ठेवायचं. तो गपचूप बसतो. क्षणभरही न टिकणारी ती गोष्ट आली की तेवढा तुकडा पडद्यावर धरून ठेवतो, मग बटण दाबून तो चित्रासारखा आत जपून ठेवायचा.

मीटरबाईचा संशय शेजारच्या शेडमधल्या वेल्डिंगवर होता. वेल्डिंगची ठिणगी उडाली की आसपासच्या वायरींत उगाच एखादा झटका शिरतो. तसला झटका पेडलच्या वायरीत शिरला तर प्रेसला वाटणार, पाय पडला. मुद्दाम दाबलेलं पेडल जरा वेळ दाबलेलं राहतं. तसली रेघ सोड, त्याहून तोकडी आली तर धर, असं तिनं स्कोपला शिकवलं आणि प्रेसच्या वायरींच्या पेटीत तो बांधून ठेवला.

"लाव बाई, लाव तुझा टीव्ही," सुपरवायझर म्हणाला. धाकट्याच्या जागी प्रेसवर आता दुसरी एक कामगार बसत होती, तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. काम थांबून कसं चालेल?

मग वाट बघणं सुरू झालं. रोज संध्याकाळी मीटरबाई पेटी उघडायची, पडदा कोरा. घरी पाऊल टाकलं की धाकटा डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायचा सराव करत बसलेला असायचा, आणि मान वर न करता विचारायचा, "सापडलं?"

"नाही रे."

"सापडेल. मी पाय ठेवलाच नव्हता ना, मग सापडायलाच पाहिजे."



आणि एका संध्याकाळी सापडलं. पडद्यावर रेघ होती. मीटरबाई हरखली, पडद्यावरची धूळ पुसून वाकली आणि तशीच राहिली. वेल्डिंगचा झटका सुईसारखा असतो, वर जातो, खाली जातो, संपला. ही रेघ तशी नव्हती. ती चढताना तीनदा थडथडली होती, तीन बारीक दात, मग सरळ, मग खाली. असे दात फक्त खऱ्या स्विचचे असतात. दार जोरात लोटलं की चौकटीवर दोनतीनदा आपटून मग बसतं ना, तशी स्विचमधली पट्टी आपटते. म्हणजे वायरीत काही शिरलं नव्हतं. पेडल खरोखर दाबलं गेलं होतं. ओझरतं, पण दाबलं गेलं होतं.

तिनं स्वतःच्या बुटाच्या टोकानं पेडलला हलकंच शिवून बघितलं. तसेच तीन दात. हातच्या काकणाला आरसा कशाला! चष्मेवालीचा पाय ओझरता लागला असणार, आणि तसाच त्या दिवशी धाकट्याचा. तिनं ती रेघ जपून ठेवली, स्कोप सोडवला आणि घरी गेली.

इथं दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. "अजून काही नाही" म्हणून दिवस ढकलले असते. पण ही पडद्याची लांबी सांगणारी बाई!

"सापडलं?" त्यानं विचारलं.

ती त्याच्याजवळ बसली. "सापडलं. धाकट्या, पेडल दाबलं जातं रे. नकळत लागतो पाय. तुझाही लागला असणार. तुला कळलंसुद्धा नसेल, त्यात तुझा काही दोष नाही."

"मी ठेवला नव्हता."

"स्कोपवर दिसतंय."

त्यानं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. लहानपणी अंधाराला घाबरून तिच्याकडे बघायचा, तसं. मग त्यानं आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. "तू म्हणतेस म्हणजे असेल," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तो कारखान्यात गेला आणि सुपरवायझरसमोर उभा राहून म्हणाला, "चूक माझीच होती." सुपरवायझरला भरून आलं. त्यानं त्याला भांडारात बसून करायचं काम दिलं, आणि वर आणखी एक. रोज सकाळी पाळी सुरू होताना सगळे जमायचे, तिथं धाकट्यानं आपली हकीकत सांगायची. लोकांना धडा मिळावा म्हणून.

धाकटा सांगायला लागला. सुरुवातीला चाचरत, मग झकास. हात वर करायचा, उरलेली दोन बोटं दाखवायचा आणि म्हणायचा, "माझ्या बुटाच्या तळव्याला तेल लागलं होतं. पाय सरकला, मला जाणवलं, पण आळस केला, म्हटलं काय होतंय! तुम्ही आळस करू नका." माणसं खाली माना घालून ऐकायची. चष्मेवाली तर डोळे पुसायची.

मीटरबाई मागं उभी राहून ऐकत होती. कसलं तेल? त्या दिवशी त्याचे कामाचे बूट चांभाराकडे शिवायला टाकलेले होते. हा जुने कापडी बूट घालून गेला होता, दवाखान्यात नाड्या सोडून ते तिनंच काढले होते, तळवे कोरडे होते. तेल नाही, काही नाही. जाऊ दे, तिनं मनाशी म्हटलं, माणूस सांगताना चार गोष्टी जोडतोच. सांगून निदान त्याला हलकं वाटत असेल. पडदा आखूड आहे म्हणणारी बाई त्या वेळी नेमकी गप्प बसली.

पण हलकं कसलं! घरी तो कुठंही बसला तरी दोन्ही पाय वर घेऊन, मांडीखाली दाबून बसायचा. जेवताना, दात घासताना, कधीही. रस्त्यानं चालताना पायांकडे बघत चालायचा, जसं काही ते कुणा परक्याचे आहेत आणि त्यांच्यावर नजर ठेवायला हवी.

मग एक दिवस चष्मेवाली मीटरबाईला म्हणाली, "बघ ना गं जरा, प्रेस मधेच खाली येतो कधी कधी. माझाच पाय लागत असेल म्हणा. धाकटा सांगतो तेच खरं, लक्षच राहत नाही आपलं."

मीटरबाईनं पुन्हा स्कोप लावला. चष्मेवाली पाणी प्यायला उठून गेली. प्रेसजवळ कुणी नव्हतं. शेजारच्या गल्लीतून पत्र्याची चळत घेऊन मालगाडा आला, त्याचं जड चाक जमिनीतल्या वायरींच्या चरावर टाकलेल्या लोखंडी झाकणावर चढलं आणि पलीकडं उतरलं. त्या लांब झाकणाचं दुसरं टोक प्रेसखाली होतं, आणि पेडल नेमकं त्याच्यावर बसवलेलं. टोक उचललं, आपटलं. पेडलनं मान लववली. साचा धाडकन खाली आला, रिकाम्या जागेवर, आणि वर गेला.

 पडद्यावर रेघ होती. तिनं ती जपली, मग जुनी काढली आणि दोन्ही एकीखाली एक लावल्या. तीन दात, आणि तीन दात. तसूभर फरक नाही. स्कोपनं एवढंच सांगितलं होतं की पेडल दाबलं गेलं. पायानं, असं तो म्हणाला नव्हता. पाय तिनं जोडला होता! घडलं ते सोडून वाटलं ते सांगितलं होतं, आणि तेही कुणाला!

सुपरवायझरनं दोन्ही रेघा बघितल्या, मालगाडा परत एकदा फिरवून बघितला आणि कपाळावर हात मारला. त्याच दिवशी पेडल झाकणावरून काढून वेगळ्या पक्क्या चौथऱ्यावर बसवलं. पण धाकट्याचं नाव मोकळं करायचं म्हटल्यावर तो अवघडला. "मीटरबाई, तो रोज सगळ्यांसमोर स्वतः सांगतोय, माझी चूक म्हणून. मी वर जाऊन काय सांगू? आधी त्याला तरी म्हणू दे, की नव्हती."

ती स्कोप घेऊन घरी आली. धाकटा खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. तिनं स्कोप त्याच्यापुढं धरला आणि सगळं सांगितलं, मालगाडा, झाकण, रिकामा प्रेस. काही लपवलं नाही. "मी चुकले रे. तू खरं सांगत होतास. तुझा पाय नव्हताच."

त्यानं दोन्ही रेघा नीट बघितल्या.

"हे आज झालं," तो म्हणाला. "त्या दिवशी माझाच पाय होता. मला आठवतंय ना. बुटाला तेल होतं."

"बूट चांभाराकडे होते, धाकट्या. कापडी बूट होते तुझ्या पायात. मी काढले, तळवे कोरडे होते."

"वहिनी, मला तळव्याखाली आठवतंय ते. सरकताना कळलं होतं मला." त्याचा आवाज चढला. "मी रोज सांगत होतो तुला, नव्हता, नव्हता. तेव्हा तू म्हणालीस, स्कोपवर दिसतंय. मग मी बसून बसून आठवलं. डोकं फुटायची वेळ आली तेव्हा कुठं आठवलं. आता तुझा स्कोप फिरला, म्हणून मी पुन्हा विसरू? कसा विसरू, ते तरी सांग."

 स्कोपमध्ये जुनी रेघ पुसायला बटण असतं. तिनं स्कोप बाजूला ठेवला, त्याच्या खुर्चीपुढं गुडघ्यावर बसली आणि त्याच्या मांडीखालून उजवा पाय ओढून काढला. दोन्ही हातांत धरला.

"अगं वहिनी! काय करतेस? तू मोठी आहेस. सोड पाय."

"हा नव्हता रे," ती म्हणाली. "हा नव्हता."

"सोड म्हणतो ना!" तो पाय मागं ओढत होता. तिनं काही तो सोडला नाही.