फुकट आणलेली गाडी

गाडीची पॉलिसी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला बसले, तेव्हा नवरा म्हणाला, "पोथी लावलीस का गं?"

म्हणू देत. गाडी माझ्या नावावर होती, माझ्या पगारातून लातूरहून आणलेली. घर अहमदपूरला आणि शाळा शिरूर अनंतपाळला, त्यामुळे माझी निम्मी नोकरी एसटीची वाट बघण्यात गेली. पंचेचाळिशी उलटल्यावर मी स्टिअरिंग हातात घेतलं. नवऱ्याला गाडी येत नाही आणि शिकायचीही नाही. तो शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक जोरजोरात दाबतो. गाडी आल्यापासून मी कुणाची मिंधी राहिले नव्हते, आणि हे सुख असंच कुणाच्या भरवशावर सोडायला मी तयार नव्हते.

पॉलिसी देणारा लातूरचा एजंट म्हणाला होता, "बाई, सगळं कव्हर हाय. तुम्ही डोळे झाकून राहा." डोळे झाकून राहायचं असतं तर हप्ता कशाला भरला असता? वाचता वाचता मी त्याला फोन लावला. रस्त्यात जनावर आडवं आलं तर? "हाय." काच फुटली तर? "हाय." गाडी दुसऱ्याच्या कामाला नेली तर? इथे तो जरा थांबला.

"पैसे न घेता नेली तर हाय. भाडं घेतलं तर न्हाई. तुमची गाडी खाजगी हाय ना बाई, टॅक्सी न्हाई."

मी ते कलम शोधून काढलं आणि खाली पेन्सिलीने ठळक रेघ ओढली. माझं समाधान झाल्यावरच पॉलिसी कपाटात गेली.

आमच्या शेजारी एक मामा राहतात. नात्याचे नाहीत, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. आडत बाजारात दिवाणजी होते, आता घरीच असतात. माणूस सोन्यासारखा, पण मानापानाच्या बाबतीत भलता हळवा. कुणाच्या घरी चहा घेतला तर दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून चहा पाजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांची धाकटी मुलगी लहानपणापासून माझ्या स्वयंपाकघरात अभ्यासाला बसायची. तिचं लग्न नांदेडच्या घरात ठरलं आणि मामांनी विहीणबाईंना शब्द दिला की नवरा-नवरीची गाडी आमच्याकडून.

लग्नाच्या दाट तिथीला गाडी ठरवणं आणि ती प्रत्यक्ष येणं, यात फार अंतर असतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी ठरवलेल्या गाडीचा पत्ता नाही. ड्रायव्हरचा फोन बंद. मामा मांडवाच्या मागच्या बाजूला माझ्यापाशी आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, माझी बेइज्जती व्हायची वेळ आली. तुमची गाडी द्या. भाडं काय असंल ते देतो."

त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि मी अक्षरशः त्यांच्या अंगावर गेले. "मामा, पाकीट आत ठेवा. पैसे घेतले तर माझी पॉलिसी चालत नाही. आणि पॉलिसी चालत असती तरी मी घेतले नसते. पोरगी माझी पण हाय."

काठापदराच्या साडीत मी गाडी मांडवापुढे आणली. पोरांनी झेंडूच्या माळा चढवल्या, मागच्या काचेवर नवरा-नवरीच्या नावांचा कागद चिकटवला. 'नवरीची गाडी बाई चालवती म्हणं' ही कुजबुज मी चांगली ऐकली आणि मला ती आवडली. मागे नवरा, नवरी, करवली, पुढे माझा नवरा ब्रेक दाबत, अशी आमची स्वारी नांदेडला सुखरूप पोचली.

येताना मात्र लोह्याच्या अलीकडे रानडुकरांचा कळप उसातून निघून रस्त्यावर आला. पहिलं डुक्कर चुकवलं, दुसरं चुकवताना गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. आम्हा दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडीचं तोंड मात्र पार आत गेलं. ती टोचन करून परत नांदेडला गॅरेजात नेली आणि मी एसटीने घरी आले. नवरा हळहळत होता, मी नव्हते. जनावर आडवं आलं तर? हाय. मी स्वतः विचारून ठेवलेलं होतं.

कंपनीचा चौकशीचा माणूस गॅरेजात गेला, तर मागच्या काचेवर नवरा-नवरीची नावं. त्याने कान टवकारले. लग्नाच्या दिवसांत खाजगी गाड्या भाड्याने पळवणारे पुष्कळ असतात, तेव्हा त्याच्या संशयाला मी नावं ठेवत नाही. नावांवरून लग्नघर शोधत तो थेट अहमदपूरला मामांच्या दारात आला, आणि नेमका मांडवपरतणीला, लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली त्या दिवशी. ओसरीवर नांदेडच्या विहीणबाई बसलेल्या, त्यांच्यासमोर फराळाच्या ताटल्या.

"लग्नात गाडी भाड्याने घेतली होती का?" त्याने विचारलं.

विहिणीच्या देखत मामा काय म्हणणार? छाती पुढे काढून म्हणाले, "मग? लेकीला फुकटच्या गाडीत वाटं लावायला आम्ही काय भिकारी हाव का? रोख भाडं मोजलंय." वर तसं लिहून सहीही दिली. मांडवात मी पॉलिसीचं बोलले होते ते मामा पार विसरले; त्यांना वाटलं, हा माणूस लग्नाच्या थाटाची चौकशी करतोय.

आठवडाभरात मला कंपनीचं पत्र आलं. गाडी भाड्याने दिल्याचे दिसून येते, सबब आपला दावा का नाकारू नये, याचा खुलासा करावा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुरुस्तीचा खर्च असा होता की दावा बुडाला असता तर गाडी मिळेल त्या भावात विकून मी पुन्हा एसटीच्या थांब्यावर उभी राहिले असते. पत्र हातात घेऊन मी शेजारी गेले.

मामांनी ते दोनदा वाचलं. "बाई, मला काय म्हाईत असं होईल? लई चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. आता कंपनीच्या नांदेडच्या ऑफिसात चला आणि खरं सांगा."

चौकशी केली तर ऑफिसातून कळलं की जबाब फिरवायचा असेल तर त्या वेळी समोर असलेल्या बाईंनाही बोलवा. म्हणजे विहीणबाई. ते ऐकून मामांचा नूर पालटला.

"त्यांच्यासमोर? न्हाई जमायचं. मी भाड्याची म्हणून सांगितलं, आता फुकटची सांगू? उद्या माझ्या लेकीला टोमणे ऐकावे लागले तर?"

मी तंडायला आले होते, पण लेकीचं नाव निघालं की तंडता येत नाही. माझी गाडी मला हवी होती. पण त्या पोरीने माझ्या गाडीपायी सासरी खाली मान घालावी, हेही मला नको होतं.

मामी आतून ताक घेऊन आल्या. त्या कधी मध्ये पडत नाहीत. त्या दिवशी पेला खाली ठेवला आणि उभ्यानेच बोलल्या. "लेकीचा काल फोन आला हुता. जावेनं इचारलं म्हणं, गाडीला भाडं किती पडलं. काय सांगू म्हणून इचारत हुती. तुम्ही एकडाव खोटं बोलून मोकळे झालात. ती बिचारी रोज ते सांभाळत बसंल का?"

मामा एका दमात ताक प्यायले. मग म्हणाले, "कोणत्या एसटीनं जायचं?"

नांदेडच्या त्या ऑफिसात आम्ही एका ओळीत बसलो होतो. मी, मामा, मामी, आणि पलीकडे ताठ बसलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या विहीणबाई. मी पॉलिसी उघडून रेघ मारलेलं कलम दावे बघणाऱ्या साहेबांपुढे धरलं. "हे मी गाडी घेतल्याबरोबर वाचलंय. ज्या बाईला हे माहीत आहे ती भाडं घेईल का?"

साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही वाचलंय हे मान्य. पण भाडं दिलं असं यांनी लिहून दिलंय." मग मामांकडे वळले. "आजोबा, भाडं दिलं होतं का?"

मामांनी विहिणीकडे बघितलं. मग खुर्चीवरून उठले. कोर्टात उभा राहतो तसा तो माणूस उभा राहिला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "न्हाई साहेब. एक रुपया दिला न्हाई. ठरवलेल्या गाडीवाल्यानं दगा दिला. मी ह्यांच्यापुढं पाकीट धरलं तर ह्या खेकसल्या माझ्यावर. गाडी फुकट आणली हुती. विहिणीपुढं मान राहावा म्हणून मी खोटं बोललो."

मी खुर्चीच्या कडेवर सरकून बसले. दाव्यासाठी नव्हे, खरंच सांगते. विहीणबाई आता काय बोलतात, याच्यासाठी.

विहीणबाईंनी पदर सावरला. "साहेब, मला ते लग्नादिवशीच कळलं हुतं. ह्यांनी भाड्याची सांगितली, मी गप बसले. पाहुण्याचं बोलणं कशाला खोडायचं?"

"तुम्हाला कसं कळलं?" साहेबांनी विचारलं.

"सून उंबऱ्यातून आत गेली, आणि ह्या बाई गाडीला टेकून ओक्साबोक्शी रडत हुत्या. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्हीच सांगा, भाड्याचा डायव्हर रडतो का?"

ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवरा तेव्हा पाणी प्यायला आत गेला होता. आयुष्यभर भांडून जिंकलेली मी, आणि त्या दिवशी मला जिंकवलं ते माझ्या रडण्याने. साहेब हसले, मग चष्मा काढून उगाच पुसत बसले. दोघांचे जबाब त्यांनी स्वतः समोर बसून लिहून घेतले आणि रडण्याचं वाक्य त्यात जसंच्या तसं घातलं. बाहेर आल्यावर विहीणबाईंनी मामींचा हात धरला आणि म्हणाल्या, शिकलेली बाई स्वतः गाडी हाकत सुनेला घेऊन आली, हे मी साऱ्या भावकीत सांगत फिरतेय, आणि ह्यांना त्याचीच लाज!

दावा पूर्ण मंजूर झाला. गाडी गॅरेजातून सुटली तेव्हा तिचं तोंड नव्यासारखं चमकत होतं. मामा आणि मामी मला सोबत म्हणून आले होते, खरं तर लेकीला भेटायला. परतताना मी काचा खाली केल्या आणि ऐटीत हॉर्न वाजवत नांदेडच्या बाहेर पडले. लोह्याला चहासाठी थांबलो. टपरीवाल्याने काही विचारलं नव्हतं, तरी मामा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून त्याला म्हणाले, "नांदेडहून आलो. फुकट आलो. आमच्या बाईंची गाडी हाय."