शालिग्राम मिस्त्रीचे अकरा नियम

शालिग्राम तायडे गेला ही बातमी खानझोडेने आणली. अमरावतीच्या छापखान्यात मी तेव्हा कुणाची तरी लग्नपत्रिका तपासत बसलो होतो. खानझोडे म्हणजे शालिग्रामच्या जिनिंग फॅक्टरीतला टायपिस्ट, आम्हा दोघांचा जुना दोस्त. अकोल्याहून सकाळच्या गाडीने निघून तो थेट छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागला आणि पुसतच राहिला. "मिस्त्री गेला," एवढंच म्हणाला. कसा, म्हणून विचारलं तर म्हणे, "भांडता भांडता." नव्या फिटरने चालू मशीनला तेल घालायला हात पुढे केला. शालिग्राम धावला, त्या पोराची गचांडी धरून त्याला भिंतीवर आदळलं, थोबाडीत द्यायला हात उगारला... आणि तोच हात छातीवर दाबून खाली बसला. पुन्हा उठला नाही. मला आधी हसूच फुटलं, हे लिहायला लाज वाटते. मग छपाईच्या खिळ्यांच्या केसला, त्या खणाखणांच्या पेटीला, टेकून उभा राहिलो.

पाच आठवडे झाले. अकोल्यात लोक काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे. मारकुटा होता, तोंडाचा फाटका होता, त्याच्या हातचा मार न खाल्लेला माणूस त्या फॅक्टरीत सापडायचा नाही. सगळं खरं आहे. माझंच डाव्या बाजूचं गळ्याचं हाड थंडी पडली की अजून ठणकतं, ते त्याचंच देणं. पण तो कशापायी मारत होता हे सांगणारे आता दोघंच उरलो, खानझोडे आणि मी. खानझोडेला लिहायला सांगितलं तर तो दुसऱ्याचं लिहिलेलं टाइप करून देईल. तेव्हा मलाच लिहिणं आलं.

शालिग्राम फॅक्टरीत फिटर. जिन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कापसातून सरकी वेगळी काढणारं मशीन ते जिन. एका लांबच लांब घरात अशा जिनांच्या दोन रांगा, एकच इंजिन, जमिनीखालून फिरणारा एकच लोखंडी दांडा आणि त्या दांड्यावरून प्रत्येक जिनाला गेलेला चामड्याचा पट्टा. प्रत्येक जिनापुढे एक बाई बसते आणि हाताने कापूस चारते. पट्टा उतरवला की जिन थांबतं. पण उतरवायला मिस्त्रीला हाक मारावी लागते, काम थांबतं, मुकादम बोलतो. म्हणून बाया चालू जिनातच बोटं घालत. पंचवीसेक वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी, हंगामापूर्वीची साफसफाई करून जिनं फिरवून बघत असताना हिवरखेडकडच्या एका बाईची चार बोटं गेली. मुकादमाने बोटं जुन्या सरकीच्या ढिगाऱ्यातून उचलून फडक्यात बांधली आणि तिच्या नवऱ्याच्या हातात दिली. शालिग्रामने त्या मुकादमाला तिथेच तुडवला. दोन दिवसांनी तो अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या तेव्हाच्या छापखान्यात आला. मी तिथे कंपोझिटर होतो, एकेक खिळा उचलून ओळी जुळवायचं काम.

त्याच्या हातात रुईच्या गाठींना बांधायच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले अकरा नियम. 'पट्टा उतरव, मंग हात घाल.' 'पदर खोच. सैल पदर पट्टा वढते.' 'बोंड अडकलं तं वरडून मले बोलाव.' असे. मशीनसोबत विलायतेहून आलेलं जाडजूड पुस्तक मालकाच्या कपाटात होतं, ते इंग्रजीत. शालिग्राम घरात पहिला वाचणारा. छप्पन साली आई आणि धाकटी बहीण चंद्रभागा यांना घेऊन तो नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला आणि तेव्हापासून छापील कागदावर त्याचा असा विश्वास बसला की किराण्याच्या पुडीवरचं सुद्धा तो वाचल्याशिवाय फेकत नसे. "पुंडलिक," तो मला म्हणाला, "मले याचं पुस्तक पायजे. बारकं, पण पुस्तक."

मालकाची नियमांना ना नव्हती. तो म्हणाला, टाइप करा, स्टेन्सिल कापा, सायक्लोस्टाइलवर प्रती काढा, झालं काम. खानझोडेही तयार होता. एका दुपारीत शंभर प्रती देतो म्हणाला, चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी नवीन काढतो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. पण मी छापखान्यातला माणूस, मला ते कुठलं पटायला! त्याने स्टेन्सिलवर सुईने काढलेलं जिनाचं चित्र मी शालिग्रामपुढे नाचवलं. "हे जिन आहे की उंदराने कुरतडलेली भाकर? पन्नास प्रती झाल्या की रेघ दिसायची नाही. सुटे कागद, आज आहेत, उद्या वाऱ्यावर. तुझ्या नियमांची ही किंमत?" नागपूरहून चित्राचा छापायचा ठोकळा करून आणू, पट्टा कुठे, दांडा कुठे ते नीट दाखवू, शिवलेलं पुस्तक करू, असं मी त्याला भरवलं. शिवाय त्याची भाषा मला गावंढळ वाटली. 'पट्टा उतरव, मंग हात घाल' याचं मी 'यंत्राची स्वच्छता करण्यापूर्वी पट्टा उतरविण्याची दक्षता घ्यावी' असं केलं. शालिग्रामला ते वाचून भरून आलं. आपण लिहिलेलं इतकं भारी दिसू शकतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. खानझोडे म्हणाला, "अरे पण फॅक्टरी चालू व्हायची वेळ आली, आता तरी माझे कागद वाटू दे." आम्ही दोघांनी मिळून त्याला उडवून लावलं.

ठोकळा येईना. दिवाळी आली, गेली, जिनं सुरू झाली. मी दहा वेळा पत्र टाकलं. शालिग्राम रोज दुपारच्या सुट्टीत येऊन खिळ्यांनी जुळवून बांधून ठेवलेली पानं उलट्या अक्षरांत वाचायला शिकला. चंद्रभागा त्याच फॅक्टरीत जिनावर होती. भाऊ जेवण सोडून इकडे पळतो म्हणून ती भाकरीचं फडकं घेऊन मागोमाग यायची. एकदा दारातच टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, हे काय करून राहिले तुमी दोघं? त्या कागदात हाय तरी काय?"

"छापून आल्यावर पाह्य," शालिग्राम म्हणाला.

मीही म्हणालो, "घाई करू नको बाई, चित्रासकट येणार आहे." ती हसली आणि रिकामं फडकं झटकून गेली... ते दोन वाक्यांचं काम होतं. तिथल्या तिथे तिला सांगितलं असतं तर एवढा वेळ तर पान खायलाही लागत नाही.

पुढच्याच आठवड्यात तिच्या जिनाखाली पट्ट्याशी कापूस गुंतला. ती तो ओढायला वाकली. पदर पट्ट्यासोबत खालच्या दांड्यावर गुंडाळला गेला, पदरामागे हात गेला, हातामागे ती गेली. शालिग्राम तीन जिनं पलीकडे होता. त्याने कुऱ्हाडीने पट्टा तोडला, पण इंजिनाला कुऱ्हाड ऐकू येत नाही. दांडा फिरतच होता, आणि तो थांबेपर्यंत उजवा हात खांद्यापासून निघाला होता. रांगेतली रुई लाल झाली. बाया ओरडत बाहेर पळाल्या, त्या गर्दीत एकीचं डोकं दाराच्या बिजागरीवर फुटलं. सरकारी दवाखान्यात चंद्रभागा तीन दिवस होती. शुद्धीवर आली की विचारायची, माझा हात कुठी ठेवला? तिसऱ्या दिवशी संपली.

माती देऊन तो सरळ छापखान्यात आला. कपडे तेच, त्यावरचे डाग तेच. "आला का तुया ठोकळा?" म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्याने जुळणीच्या दगडावर बांधून ठेवलेली पुस्तकाची पानं दोन्ही हातांनी उचलली आणि भिंतीवर फेकली. हजारो खिळे घरभर उडाले. आता जे लिहितो ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. पहिला हात मी टाकला. त्याने मला बोटही लावलं नव्हतं. त्याची बहीण मेली होती, आणि मी खिळे सांडले म्हणून लाकडी हातोडी उचलून त्याच्या तोंडावर मारली. त्याचा ओठ फाटला. मग त्याने पानं आवळायची लोखंडी चौकट उचलली आणि माझ्या गळ्याजवळ घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आणखी एक घाव घातला असता तर मी हे लिहायला नसतो. त्याने चौकट उगारलेलीच होती. मग ती टाकली, केसवरच्या आपल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, एक खाली पडली होती ती वाकून उचलली, आणि निघून गेला.

त्याच दिवशी खानझोडेने नियम टाइप करून शंभर प्रती काढल्या. जसेच्या तसे, शालिग्रामच्या भाषेत. शालिग्रामने स्वतः प्रत्येक बाईच्या हातात कागद दिला. आठ दिवसांनी जेवायच्या सुट्टीत त्याला दिसलं की गिरजाबाई नावाची म्हातारी त्या कागदावर भाकरी घेऊन जेवते आहे. त्याने तिच्या कानाखाली मारली. साठीची बाई, कोलमडली, भाकरी मातीत गेली. पण उठली आणि सगळ्या बायांसमोर तिने त्याच्या दोन्ही गालांवर आलटूनपालटून दिल्या. "मले वाचता येते काय रे मुडद्या? तुया बहिनीले येत होतं? कोणाले तरी इचारलं का तूनं?"

हे त्याने मला माझ्या घरी येऊन सांगितलं. मी खांदा बांधून खाटेवर पडलो होतो. त्याला पाहून बायकोने दारातली काठी उचलली होती. तो जमिनीवर बसला, फाटलेल्या ओठावर खपली. माफी त्याने मागितली नाही, मीही नाही. "पुंडलिक, ऐंशी बाया हायेत," तो म्हणाला. "पाच जनीले वाचता येते. अन् आपून दोघं बह्याड, खिळे चांगले का टाइप चांगला, यावर भांडून राहिलो. आपल्याले वाचता येते ना... त्याचाच माज." आणि मग तो रडला. मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाला तसं रडताना पाहिलं नाही. तो स्वतःच्या तोंडात मारून घेत होता आणि माझ्या एका हाताला त्याचे दोन हात धरवत नव्हते. बायको काठी टाकून पुढे आली आणि तिने धरले.

त्यानंतर त्याने कागद वाटले नाहीत. रोज सकाळी इंजिन सुरू व्हायच्या आधी तो जिनघराच्या मधोमध उभा राहायचा, एकेक नियम ओरडून सांगायचा आणि सगळ्या बायांनी तो परत ओरडून म्हणायचा. मुकादम हसले, मालकाने वेळ जातो म्हणून दम दिला. एकदा तर पोलीस बोलावले, कारण नियम म्हणून झाल्याशिवाय मिस्त्री इंजिन चालू करू देईना आणि चालू करायला आलेल्या माणसाचे त्याने दोन दात पाडले होते. एक रात्र कोठडीत काढून सकाळी तो पुन्हा तिथेच उभा. बायांनी हळूहळू त्या नियमांना आपली चाल लावली, काही शब्द बदलले, दोन नियम उलटेपालटे केले. त्याने बदलू दिले. मी विचारलं तर म्हणाला, "त्याईच्या तोंडात बसलं पायजे. मायं काय हाय त्यात?" माझी अमरावतीला नोकरी लागल्यावर भेटी कमी झाल्या. भेटला की मोडलेल्या हाडावर थाप मारून विचारायचा, "काय म्हणते?" आणि मी कळवळलो की खूष व्हायचा. असा मित्र देव कुणाला न देवो. मला मात्र पुन्हा हाच हवा.

त्याच्या शोकसभेला अकोल्याला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी खानझोडे मला फॅक्टरीत घेऊन गेला. नवा मॅनेजर सभ्य माणूस. तो म्हणाला, "मिस्त्रींचे नियम तुम्ही सुंदर छापून द्या, काचेच्या फ्रेममध्ये लावू. त्यांची आठवण राहील." मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? जिनं चालू होती. ज्याच्या ठोकळ्यासाठी दहा पत्रं टाकली ते मशीन मी इतक्या वर्षांत कधी जवळून पाहिलंच नव्हतं. एका जिनाशी वाकलो, कापूस ओढणारा चामड्याचा रूळ कसा फिरतो ते बघायला, आणि सवयीने बोट त्या दिशेला गेलं, प्रूफावर ओळ दाखवायला जातं तसं.

मनगटावर सणसणीत फटका बसला. जिनावर बसलेली पोर वीसबावीस वर्षांची असेल. तिने चंद्रभागेला पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. हातातली कापूस सारायची काठी तशीच उगारून ती गरजली, "हात मांगं घ्या ना, बुवा! मरता का?" मॅनेजर चपापला, तिला काही बोलू लागला. ती त्याच्याकडे बघेना, माझ्याकडेच बघत होती. तिच्या मागच्या बाया काम थांबवून ओरडू लागल्या, मांगं, मांगं, मांगं.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. फॅक्टरीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ते तसेच होते.